अठ्ठेचाळीस आकडे

सोनपेठात पंडित वाव्हळेचा चेहरा माहीत नसलेली माणसं पुष्कळ होती, पण त्याचा आवाज माहीत नाही असं घर नव्हतं. कापडाच्या दुकानात सेल लागला, मैदानावर सर्कस उतरली, दोन दिवस नळाला पाणी येणार नाही, बाजारात कुणाचं लेकरू चुकलं, काहीही असो, लोक आधी पंडितकडे यायचे. एसटी स्टँडसमोर त्याचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, झेरॉक्स, बॅनरची डिझाईनं, आणि गावातले बिघडलेले कॉम्प्युटर. हातातलं काम बाजूला सारून तो माईक पुढं ओढायचा, बोलायचा, कॉम्प्युटरवर ते बोलणं कापून-जोडून नीट करायचा आणि सटवाजीच्या ॲपे रिक्षात भरून द्यायचा. मग रिक्षाच्या भोंग्यातून दिवसभर गल्लोगल्ली पंडित बोलत फिरायचा. इतरांसारखं ओरडणं त्याला ठाऊक नव्हतं. घरातल्या माणसाला जेवायला बोलवावं तसा तो बोलायचा.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर, सकाळी ब्रश करताना, त्याच्या उजव्या हातातून ब्रश गळून पडला. उचलायला वाकला तो उठलाच नाही. परभणीला वीस दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला. पाय ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, टेबलावर ठेवला तर टेबलावर. आणि बोलणं गेलं.

गेलं म्हणजे सगळं गेलं असतं तर एक वेळ बरं. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. कुणी काय म्हणालं ते कळायचं, त्याला काय उत्तर द्यायचं तेही जुळायचं, आणि तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडायचा.

"मंगळवार."

पाणी पाहिजे, मंगळवार. पंखा बंद करा, मंगळवार. निकिताचा, म्हणजे पोरीचा, पुण्याहून फोन आला तरी मंगळवार. हाच शब्द का, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. असं होतं म्हणाले, एखादा शब्द अडकून बसतो. मानेचीही तीच गत. नाही म्हणायला जावं तर ती खालीवर हलायची, हो म्हणायला जावं तर आडवी. पहिले काही दिवस माणसं हसली. मग हसायची थांबली आणि त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागली, जणू कान गेलेत. ते हसण्यापेक्षा जड जायचं.

दोन महिन्यांनी बबितानं, त्याच्या बायकोनं, दुकान उघडलं. बारावी झालेली होती, पत्रिका मोडायला आणि झेरॉक्स काढायला पूर्वीपासून हाताशी होती. बाकीचं चुकत-माकत शिकली. पंडित दाराशी खुर्चीवर बसून राही. एका बटणाचं काम ती सात ठिकाणी क्लिक करून करायची, ते त्याला दिसायचं. डावा हात आपोआप उचलला जायचा. "मंगळवार."

"काय? ऊन लागायलंय? सरका थोडं आत."

तो आत सरकायचा.

उन्हाळ्यात लग्नसराई आली आणि मशीन अडखळायला लागलं. पत्रिकेवर फोटो टाकला की पडदा गोठायचा. बबितानं बालाजीला बोलावलं. बालाजी गंगाखेडचा, आता स्वतःचं दुरुस्तीचं काम करायचा, पण पहिला स्क्रू त्यानं पंडितच्याच हाताखाली फिरवलेला. पंडितला तो अजून सर म्हणायचा. त्यानं डबा उघडून पाहिला, फुंकर मारली आणि म्हणाला, "वैनी, बोर्डच म्हातारा झालाय. नवा बोर्ड आन् नवा प्रोसेसर टाकू, घोड्यावानी पळंल. जुना एक्सचेंजमधी जाईल."

"आन् आतलं सगळं?"

"डिस्क हीच राहती की. डाटा जसाच्या तसा."

खुर्चीतला पंडित पुढं सरकला. डाटा जसाच्या तसा राहणार नव्हता. राहणार होता, पण कुलपाच्या आड. लोकांची आधारकार्डं, सातबारे, वाटणीपत्रं त्या डिस्कवर असायची, म्हणून त्यानंच तिला कुलूप ठेवलेलं. त्या कुलपाची किल्ली मशीन स्वतःच्या पोटात, त्याच बोर्डात सांभाळत होतं. बोर्ड बदलायचा तर आधी कुलूप काढून ठेवायचं, नाहीतर किल्लीचे अठ्ठेचाळीस आकडे कागदावर छापून घ्यायचे. चार क्लिकचं काम. एवढं एकच वाक्य बालाजीला सांगायचं होतं.

तो उठला. डाव्या हाताची थाप टेबलावर मारून म्हणाला, "मंगळवार! मंगळवार!"

बालाजी आणि बबितानं एकमेकांकडे पाहिलं. बबिताचा चेहरा एकदम उजळला. "मंगळवारी करा म्हणायलेत."

"आज शनिवार. जमतंय की सर. मंगळवारी घेऊन येतो सगळं."

पंडितनं नाही म्हणून जोरात मान हलवली. मान खालीवर हलली.

रविवार आणि सोमवार त्यानं सांगण्यात घालवले. बबिताचा पदर ओढून तिला कॉम्प्युटरपाशी नेलं, ती म्हणाली, "माहिताय की, नवं व्हनार हाय म्हणून घाई झालीय तुमाला." मग कागद-पेन घेतलं. लिहिता येत नव्हतं, अक्षरं हातात यायच्या आधीच विस्कटायची, म्हणून चित्र काढायचं ठरवलं. डाव्या हातानं कुलूप काढलं. गोल झालं, वर वाकडी कडी आली. कागद तिच्यापुढं सरकवला.

बबितानं तो उभा-आडवा धरून पाहिला. "किटली?" ती म्हणाली. "चहा पाहिजे व्हय? मग तसं खुणवायचं की, कागद कशाला."

तिनं चहा केला. तो त्याला प्यावा लागला.

मंगळवारी दहालाच बालाजी खोकी घेऊन आला. डबा आडवा केला, वायरी सोडवल्या. पंडितनं त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर धरला आणि सोडीना. बबितानं हलक्या हातानं एकेक बोट सोडवलं, लेकराचं सोडवतात तसं. "करू द्या की त्याला. आपलाच हाय." तिनं त्याला खुर्चीत नेऊन बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. जुना बोर्ड बाहेर आला, नवा आत गेला. जुना बालाजीनं वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकला. अकरा वाजता बटण दाबलं. नवा पंखा अगदी हळू, गुळगुळीत फिरला.

पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजी चार ओळी आणि खाली रिकामी चौकट.

बालाजीनं ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. "वैनी," तो म्हणाला, "ह्याला की लागायलीय, किल्ली. अठ्ठेचाळीस आकडे हायत."

"मग टाक की."

"आपल्याकडं कुठं हायत? सरांच्या खात्यात असतेल, इंटरनेटवर. पासवर्ड काय सरांचा?"

दोघांनी पंडितकडे पाहिलं.

कीबोर्ड त्याच्या मांडीवर ठेवला. बालाजीनं आपला लॅपटॉप समोर धरला. पासवर्ड पंडितला पक्का ठाऊक होता. निकिताचं नाव, मग एक खूण, मग दुकान काढलं ते साल. पण तो त्याला अक्षरांत कधी ठाऊक नव्हताच, बोटांत ठाऊक होता. दहा वर्षं उजवा हात तो न बघता मारत आला होता. तो हात आता दुसऱ्या कुणाचा इथं विसरून राहिल्यासारखा बाजूला पडला होता. डाव्या हाताचं एक बोट घेऊन तो एन शोधायला लागला. सापडला. बोट तिथवर जाईपर्यंत अक्षर दुसरीकडं सरकल्यासारखं झालं आणि शेजारचंच दाबलं गेलं. चुकलं हे कळत होतं. बरोबर कोणतं हे समोर असून धरता येत नव्हतं. खूण कुठल्या बटणावर असते हे त्यानं आयुष्यात हजार लोकांना सांगितलं असेल.

पहिल्यांदा चूक. दुसऱ्यांदा चूक. "सावकाश सर, काय गडबड न्हाई," बालाजी म्हणत होता. पाचव्या खेपेला खात्यानंच दार लावून घेतलं. आता थोड्या वेळानं प्रयत्न करा.

पंडितच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. बबितानं पदरानं पुसला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आता."

बालाजीला दुसरी वाट दिसली. पासवर्ड विसरलात का म्हणून विचारतात, तिथं बोट ठेवलं की मोबाईलवर कोड येतो. थोड्या वेळानं त्यानं ते केलं. पडद्यावर त्या मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे आले, सत्तेचाळीस.

"हा तर त्यांचा जुना नंबर," बबिता म्हणाली आणि खाली बसली. दवाखान्याच्या दिवसांत त्या नंबरचं रिचार्ज कुणाच्या ध्यानात राहणार? बोलणाराच नाही तर मोबाईल कशाला, म्हणून नंतरही कुणी मारलं नाही. नंबर बंद पडून किती महिने झाले होते.

तरी तिनं आपल्या मोबाईलवरून लावून पाहिला. घंटी वाजली. तिनं स्पीकर सुरू केला.

"कोण हाय?" म्हातारपणाकडं झुकलेला बाईचा आवाज. मागं शेळी ओरडत होती.

"नमस्कार माय. मी सोनपेठहून बबिता वाव्हळे बोलायले. तुमचं नाव काय वो?"

"कुसुमबाई. का बरं?"

"कुसुमबाई, तुमचा हा नंबर आधी माझ्या मालकाचा व्हता."

"आता माझा हाय. माझ्या लेकानं आणून दिलाय."

"तुमचाच हाय, माय, तुमचाच ऱ्हाऊ द्या. मला नंबर नको. तुमच्या मोबाईलवर आता एक मेसेज येईल. त्यात आकडे असतेल. तेवढे वाचून दाखवा, लय उपकार व्हतील."

पलीकडं शेळीही गप्प झाली. मग कुसुमबाई म्हणाल्या, "ओटीपी मागायलीस व्हय?"

"व्हय, पण तसला न्हाई."

"तसला न्हाई आन् असला न्हाई. बचत गटाच्या मीटिंगमधी बाईनं सांगितलंय, सख्खा भाऊ दारात आला तरी सांगायचा न्हाई."

"बरोबर सांगितलंय त्यांनी. मी बी लोकांना हेच सांगते दुकानात. पण माय, माझ्या मालकाला लकवा मारलाय. बोलता येत न्हाई त्यांना. त्यांचं सगळं काम कॉम्प्युटरमधी अडकलंय."

"समदे असंच म्हणतेत गं. कुणाचा नवरा दवाखान्यात, कुणाचं लेकरू आजारी. मी काय करू सांग?" त्या बाईच्या आवाजात राग नव्हता. घाबरलेली होती. "तुजं खरं आसंल बी. पर मला कसं कळावं?"

"कुठल्या गावच्या तुमी? मी येते. मालकाला घेऊन येते, समोर बघा त्यांना."

"गाव कशाला सांगू तुला?"

बबितानं इकडं-तिकडं पाहिलं, जणू दुकानातली एखादी वस्तू साक्षीला उभी करता येईल. मग ती पंडितजवळ आली. "हे बगा, हितंच हायत. तुमीच ऐका." आणि मोबाईल तिनं त्याच्या तोंडापाशी धरला.

सगळा तालुका ज्या आवाजावर भरवसा ठेवायचा तो आवाज हाच होता. चुकलेलं लेकरू त्यानं अर्ध्या तासात आईपाशी पोचवलं होतं. एक वाक्य नीट निघालं असतं तर कुसुमबाईंनी आकडे दिले असते, त्याला खात्री होती. त्यानं श्वास भरला. माय, घाबरू नका, मी पंडित वाव्हळे, एवढं जुळवलं. ओठ उघडले.

"मंगळवार," तो म्हणाला. आणि घाईनं, विनवणीनं पुन्हा, "मंगळवार. मंगळवार."

"कोण हाय गं हा? काय बोलायलाय?" कुसुमबाईंचा आवाज चिरकला आणि फोन बंद झाला.

पुन्हा लावला तर लागेना. बालाजीनं आपल्या मोबाईलवरून लावला, तर एका माणसानं उचलला. माझ्या आईला फोन केलात तर नंबर पोलिसात देईन, म्हणाला. त्याचंही काही चुकत नव्हतं. निकितानं पुण्यात बसून खातं परत मिळवायचा लांबलचक फॉर्म भरला. शेवटी कुणाला मेल पाठवली होती, तिचा विषय काय होता, असले प्रश्न. उत्तरं सगळी एकाच माणसाच्या डोक्यात. माहिती अपुरी आहे, असं उत्तर आलं.

बालाजी जायला निघाला तेव्हा पंडितनं त्याची बॅग धरली. पडदा निळा झाला तेव्हापासून त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरच्या मशीनचं असंच झालं होतं, आणि त्यानं जुना बोर्ड, जुना प्रोसेसर परत लावला होता. मशीननं काही विचारलं नव्हतं. आपलीच किल्ली, आपलंच कुलूप; गुपचूप उघडलं होतं. आत्ताही तेवढंच करायचं होतं. बोर्ड या बॅगेत होता, वर्तमानपत्रात, त्याच्या बोटांपासून चार बोटांवर.

बालाजीचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, सर आपल्यावर रागावले नाहीत, थांब म्हणतात, चहा घे म्हणतात. तो वाकला, पंडितच्या पायांना हात लावला, हळूच पट्टा सोडवला आणि बॅग खांद्याला लावून मोटरसायकलवर बसला.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बबिता निळ्या पडद्यापुढं बसून होती. पंडितला वाटलं, तिला अडलेल्या पत्रिकांची काळजी पडली असेल. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पत्रिका काय, परत करता येतेल. तुमचं बोलणं व्हतं वो त्याच्यात."

त्याला आधी कळलंच नाही.

"भोंग्याची सगळी रेकॉर्डिंग. चारशे तरी असतेल. मी रोज सकाळी झाडायला लवकर येते ना, तवा एक-एक लावते. तुमी यायच्या आत बंद करते. तुमाला वाईट वाटंल म्हणून." तिनं माऊस सरकवला, पडद्यावर काही हललं नाही. "नळाला पाणी येणार न्हाई हे बी तुमी असं सांगायचेत की ऐकणाऱ्याला राग येऊ नये. ते लय येळा ऐकलंय मी."

पंडित तिच्या पाठीकडं बघत राहिला. चार-पाच महिने तो रोज साडेनऊला दुकानात येत होता आणि त्याच्याआधी त्याचा आवाज तिथं येऊन जात होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिला काही तरी म्हणावं असं त्याला फार वाटलं. त्यानं तोंड मिटूनच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सटवाजीला गाठलं. रिक्षातल्या कार्डात जुनं काही आहे का? सटवाजी डोकं खाजवत म्हणाला, "जुनं पुसल्याबिगर नवं बसत न्हाई वैनी. आन् आता तर मोबाईलमधली बाईच बोलती, आपण नुस्तं लिवून द्यायचं." मग ओशाळून म्हणाला, "पंडितभाऊंची मजा न्हाई तिला."

बुधवार असाच गेला. पंडितनं मशीनच्या डब्याकडं बोट दाखवलं, दाराकडं दाखवलं, बालाजी गेला त्या रस्त्याकडं दाखवलं. बबितानं त्याला बाहेर एक चक्कर मारून आणलं.

गुरुवारी सकाळी त्याला मागच्या फळीवरची अडगळ आठवली. मेलेल्या मशीनचे सुटे भाग तो कधी टाकत नसे. स्टुलाला धरून तो तिथवर गेला, डाव्या हातानं वरचे डबे खाली ओढले. दोन खाली पडले, स्क्रू फरशीभर झाले. बबिता धावत आली. "काय करायलेत? पडताल की!" तळाशी एक जुना, धूळ बसलेला बोर्ड मिळाला. तो छातीशी धरून पंडित टेबलापाशी आला. नव्या मशीनच्या डब्याला टेकवला. मग दूर नेला, दारापर्यंत. मग दारातून परत आणला आणि पुन्हा डब्याला टेकवला. पुन्हा दारापर्यंत. पुन्हा परत. पाय थरथरत होता.

बबिता "बसा" म्हणणार होती. ती म्हणाली नाही. पहिल्यांदाच ती त्याच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघत राहिली.

"बोर्ड," ती म्हणाली. "जुना. बालाजीनं नेला तो?" तिचा आवाज खाली आला. "तो परत लावला तर उघडंल?"

त्यानं मान हलवली नाही. मानेवर त्याचा भरवसा नव्हता. तो बोर्ड तसाच डब्याला टेकवून उभा राहिला आणि रडायला लागला, तोंड उघडं टाकून, आवाज न करता. आजारी पडल्यापासून त्याच्या डोक्यातली गोष्ट दुसऱ्याच्या डोक्यात पोचली होती, ती ही पहिली.

बबितानं तिथूनच फोन लावला. बालाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आरं व्हय की. वैनी, सर बरोबर सांगायलेत. माझ्या कसं ध्यानात आलं न्हाई." तो तसाच परभणीला गेला, ज्या व्यापाऱ्याला बोर्ड बदलीत दिला होता त्याच्याकडं.

बबितानं त्या सकाळी दुकानात उदबत्ती लावली. बुद्धांच्या फोटोपाशी थोडा वेळ हात जोडून उभी राहिली. मग पंडितच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसली आणि मोबाईल मांडीवर ठेवला. झेरॉक्सला दोन माणसं आली, त्यांचं काम करून पुन्हा येऊन बसली. त्याच्याशी बोलत राहिली, पूर्वी बोलायची तसं, हळू. उघडल्यावर आधी सगळं निकिताकडं पाठवून देऊ. मग एका पेनड्राईव्हमधी. मग आणखी एका. तुमी सांगायचं, मी करायचं.

दोनच्या सुमाराला फोन आला. जुन्या बोर्डांची पोती काल सकाळच्या गाडीनं गेली होती, भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्याकडं, हैदराबादला. बालाजीनं तिथला नंबर मिळवून विचारलंही होतं. तिथं म्हणे असल्या बोर्डांचा डोंगर असतो, आणि आलं की लगेच चिमट्यांनी सुटं करतात.

"काल सकाळी," बबिता फक्त एवढंच म्हणाली.

मंगळवारी दुपारी बॅगेचा पट्टा पंडितच्या हातात होता. हा हिशोब दोघांनीही मनात केला. तो बोलून दाखवायची गरज नव्हती.

शुक्रवारी बालाजी आला. दारातच उभा राहिला. "सर, माझी चूक झाली. उघडायच्या आधी मी विचारायला पाहिजे व्हतं. तुमीच शिकवलं व्हतं." पंडितला म्हणायचं होतं की तुझ्या वयात मीही असे दोन-तीन घोटाळे केलेत, आणि त्या लोकांनी मला चहा पाजला होता. त्यानं डावा हात पुढं केला. बालाजीनं तो दोन्ही हातांत धरला.

जुनी डिस्क पुसायची नाही, हे बबितानं आधीच ठरवलं होतं. बालाजीनं ती काढून दिली. हाताच्या तळव्याएवढी पातळ पेटी. तिनं ती एका स्वच्छ रुमालात गुंडाळली.

"कधीतरी उघडंल ना ही?" तिनं पंडितला विचारलं. बालाजीला नाही, पंडितला.

ते कुलूप कसं असतं हे सोनपेठात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आकडे नाहीत तर ते उघडत नाही. दहा वर्षांनी नाही, निकिताच्या लेकरांच्या हातूनही नाही. त्यासाठीच ते बनवलेलं असतं. ती उत्तराची वाट बघत होती. त्याची मान खालीवर हलली. ती त्यानं हलवली की आपणहून हलली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"मग झालं," बबिता म्हणाली आणि पेटी घरी न्यायच्या पिशवीत ठेवली.

बालाजीनं नवी डिस्क बसवली आणि पेनड्राईव्हवरून विंडोज टाकायला घेतली. हे काम पंडितनं किती वेळा केलं असेल याला गणती नाही. टक्के वाढत जाताना बघणं त्याला आवडायचं. पस्तीसवर थोडं रेंगाळतं, मग सुटतं, तो गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचा. आजही पस्तीसवर रेंगाळलं. बालाजी घाबरून मशीनला हात लावणार तोच पंडितनं तळवा वर करून त्याला थांबवलं. सुटलं.

मग पडद्यावर प्रश्न आला.

"नाव विचारायलंय," बालाजी म्हणाला. "कुणाच्या नावानं टाकू? सरांच्याच?"

"मग दुसरं कुणाचं," बबिता म्हणाली.

पंडितनं डावा हात उचलला. बोट तिच्याकडं केलं. ती म्हणाली, "मी हाय की हितंच, काय पाहिजे?" त्यानं हात खाली घेतला नाही. बोट तिच्यावरून पडद्यावर नेलं आणि पुन्हा तिच्यावर आणलं. दुखण्यातून उठलेल्या माणसाला फार वेळ हात उचलून धरवत नाही, पण त्यानं धरला.

बालाजीनं मान खाली घातली. बबितानं हात पदराला पुसले.

"बरं," ती म्हणाली. कीबोर्ड पुढं ओढून तिनं आपलं नाव टाकलं, एकेक अक्षर शोधत, आणि आपला मोबाईल नंबर. मग बालाजीनं नव्या कुलपाचे आकडे छापून दिले, तीन प्रती. तिनं त्या तिथल्या तिथं तपासल्या, दोनदा.

मशीन खरंच पळायला लागलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं मात्र उमटली, विंडोज सक्रिय करा. बालाजी म्हणाला, लायसनही जुन्या बोर्डासंगंच गेलं, नवं घ्यावं लागंल, तवर हे असंच दिसंल, काम अडत न्हाई. तो गेल्यावर बबितानं त्या अक्षरांवर बोट फिरवून पाहिलं, डाग असल्यासारखं.

दुपारी तात्याराव नावाचे एक गृहस्थ पुतणीची पत्रिका करायला आले. मागच्या वर्षी थोरलीची पंडितनं केली होती, अगदी तश्शीच पाहिजे म्हणाले. बबितानं सांगितलं, ती आता न्हाई, नवी करून देते. ते कुरकुरले, मग कागद काढून नावं सांगायला लागले. ती टाईप करायला लागली. अडली की थांबायची, मान वळवून पंडितच्या हाताकडं बघायची. हात कधी काही दाखवायचा, कधी नुसताच मांडीवर असायचा, आणि ती पुन्हा वळून पुढचं अक्षर शोधायची.